मास, मेस आणि मिस्सा

आमच्या धर्मग्रामात ‘मिस्सा’ हा शब्द आता साठी ओलांडलेल्यांच्याच तोंडी उरला आहे. तरुण मंडळी ‘मास’ला जातात. चर्चच्या फलकावर अस्सल मराठी मजकुरातदेखील ‘रविवारच्या मासची वेळ’ असे लिहिलेले असते आणि ते वाचून कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. शब्द बदलला याचे आम्हांला फारसे दुःख नाही. मिस्सा हा तरी कुठे ज्ञानोबांच्या घरचा शब्द? तोही पोर्तुगीज गलबतांतूनच आपल्या किनाऱ्यावर उतरला. परंतु घरात भांडे बदलताना जुन्या भांड्यात काय होते ते पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. तेवढेच येथे करावयाचे आहे.

इंग्रजीचा एखादा जाडजूड शब्दकोश उघडावा. एम, ए आणि दोन एस अशा चार अक्षरांचा हा शब्द तेथे दोन स्वतंत्र नोंदींखाली आढळतो. एका नोंदीत आपली उपासना आहे. दुसरीत गोळा, ढीग, जमाव आणि पदार्थविज्ञानातील वस्तुमान. अक्षरे तीच, उच्चार तोच, नाते मात्र काहीच नाही. पहिला शब्द लॅटिनमधील ‘मिस्सा’पासून आला, दुसरा ‘मास्सा’पासून. एका स्वराचा काय तो फरक. पोर्तुगीजांनी तो राखला: त्यांची उपासना मिस्सा आणि कणकेचा गोळा मास्सा. इटालियनांची मेस्सा आणि मास्सा, फ्रेंचांची मेस आणि मास, जर्मनांची मेस्से आणि मास्से. या साऱ्या शेजाऱ्यांनी दोन पाहुण्यांना दोन खोल्या दिल्या. इंग्रजांनी मात्र दोघांना एकाच खोलीत उतरविले. प्राचीन इंग्रजीत उपासनेचा उच्चार ‘मॅसे’ असा होऊ लागला होताच. पुढे फ्रेंचांकडून गोळ्याचा ‘मास’ आला आणि दोघांचे चेहरे इतके सारखे झाले की आता त्यांना वेगळे ओळखण्यास शब्दकोश लागतो. देवनागरीत तर आणखी एक घोटाळा होतो. ‘मास’ लिहिले की महिना झाला, आणि कोणी चुकून डोक्यावर अनुस्वार ठेवला की विचारूच नये!

आधी दुसऱ्या शब्दाचे पाहू, कारण तो दिसतो तितका रुक्ष नाही. ‘मास्सा’ लॅटिनमध्ये आला ग्रीक भाषेतून. ग्रीकांची ‘माझा’ म्हणजे जवाच्या पिठाची भाकर, आणि तिच्या मुळाशी आहे मळणे ही क्रिया. म्हणजे आज पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात जे वस्तुमान आहे ते मुळात परातीतली कणीक होते. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात थोड्याशा खमिराचा परिणाम साऱ्या पिठावर होतो अशा अर्थाचा दृष्टान्त आहे. त्याच्या लॅटिन भाषांतरात त्या पिठाच्या गोळ्याला ‘मास्सा’ हाच शब्द आहे. संत ऑगस्टीनने पापाने बिघडलेल्या अवघ्या मानवजातीला हाच शब्द लावला. पुढे १६८७ साली न्यूटनने आपल्या लॅटिन ग्रंथात पदार्थाच्या परिमाणाला ‘मास्सा’ हे नाव वापरले आणि स्वयंपाकघरातील हा गोळा प्रयोगशाळेत जाऊन बसला. जमावाचा अर्थही त्याच गोळ्यातून निघाला. माणसे इतकी एकमेकांत मिसळून गेली की एकाचे तोंड दुसऱ्यापासून वेगळे दिसेनासे झाले, म्हणजे झाला ‘मास’. आपल्या वर्तमानपत्रांना ‘मास लीडर’ आणि दहावीच्या परीक्षेतील ‘मास कॉपी’ या दोन प्रकारांखेरीज मार्च महिना काढता येत नाही. दोन्हींत तोच कणकेचा गोळा आहे.

येथे थोडे आडवाटेला जाण्याचा मोह आवरत नाही. इंग्रज ज्याला ‘लॉर्ड’ म्हणतात, आणि प्रार्थनेत आपल्या प्रभूलाही म्हणतात, त्या शब्दाचे मूळ रूप ‘भाकरीचा राखणदार’ असे आहे. ‘लेडी’ ही ‘भाकरीची कणीक मळणारी’. या ‘लेडी’च्या उत्तरार्धात मळण्याचा जो धातू दडला आहे, तोच इंग्रजांच्या ‘डो’मध्ये, म्हणजे भिजवलेल्या पिठात आहे, आणि भाषाशास्त्रज्ञ त्या धातूचे नाते थेट संस्कृतातील ‘दिह्’ धातूशी जोडतात, ज्यापासून आपला ‘देह’ हा शब्द झाला. लिंपून, थापून, आकार देऊन केलेला तो देह. पीठ आणि देह हे शब्द एका मुळाचे आहेत, हे ज्यांच्या वेदीवर भाकरीचे ख्रिस्तशरीर होते त्यांनी तरी एकदा कानांवरून जाऊ द्यावे. यातून कोणताही सिद्धान्त निघत नाही हे आम्हांस ठाऊक आहे. तरी मौज ती मौजच.

आता पहिला शब्द. लॅटिनमध्ये ‘मित्तेरे’ म्हणजे पाठविणे, सोडणे. त्यापासून ‘मिस्सा’. या एका क्रियापदाचा गोतावळा आपल्या मराठीत केवढा पसरला आहे ते पाहिले म्हणजे थक्क व्हायला होते. मिशन आणि मिशनरी तर आहेतच. पण सरकारी परमिट, दलालाचे कमिशन, गावची कमिटी, शाळेचे अॅडमिशन, आखाती देशांतील मुलांकडून येणारी रेमिटन्स आणि गिरणीकामगाराच्या हातात पडलेली डिसमिसची चिठ्ठी, हे सारे सख्खे-चुलत भाऊ. वेदीवरच्या प्रार्थनाग्रंथाला इंग्रजीत ‘मिसल’ म्हणतात आणि रणांगणातील अस्त्राला ‘मिसाइल’. दोघांचेही मूळ एकच. एक मिस्सेचा ग्रंथ, दुसरे फेकून पाठविण्याजोगे हत्यार.

आणि ‘मेस’! शिक्षणासाठी पुण्यास गेलेल्या मुलाने घरी पाठविलेल्या पहिल्या पत्रात ‘मेस लावली’ असे वाक्य हटकून असायचे. ही मेसही मित्तेरेचीच लेक. स्वयंपाकघरातून पंगतीकडे जे वाढून पाठविले ते लॅटिन ‘मिस्सुस’, फ्रेंचांचे ‘मेस’. त्यावरून इंग्रजीत प्रथम ताटातील वाढप, मग एकत्र जेवणाऱ्यांचा गट, मग जनावरांपुढचा कालवलेला आंबोण आणि अखेर नुसता गोंधळ. १५६० सालच्या जिनिव्हा बायबलात एसावाने ज्येष्ठपणाचा हक्क विकल्याच्या अध्यायाच्या शीर्षकात ‘मेस’ आहे, तो ताटभर कालवणाच्या अर्थाने. म्हणजे चर्चमधील ‘मास’चे सख्खे नाते भौतिकशास्त्रातील ‘मास’शी नाही, ते सदाशिव पेठेतील मेसशी आहे. मिस्सेनंतर मिसळ खाण्यास जाणाऱ्या रविवारच्या मंडळींनी मात्र या यादीत शिरण्याचा प्रयत्न करू नये. मिसळ ‘मिश्र’च्या घरची आहे, तिचा पाठविण्याशी संबंध नाही. आणीबाणीत ज्या कायद्याखाली माणसे तुरुंगात गेली, तो १९७१चा ‘मिसा’ तर केवळ इंग्रजी आद्याक्षरांची जुळणी.

पण साऱ्या उपासनेला ‘पाठविणे’ हे नाव का पडावे? प्रभुभोजन म्हणावे, उपकारस्तुती म्हणावी, बलिदान म्हणावे. ही नावे आशयातून आलेली आहेत. मिस्सा हे नाव आले ते उपासनेच्या शेवटातून. ‘ईते, मिस्सा एस्त’ असे पुकारले जाई. रोमन जगात सभा संपल्याची ती साधी वर्दी होती: चला, सुटली. चौथ्या शतकाच्या अखेरीस पवित्र भूमीच्या यात्रेस गेलेल्या एजेरिया नावाच्या स्त्रीने आपल्या प्रवासवर्णनात कोणत्याही प्रार्थनेनंतर लोकांना निरोप देण्याला ‘मिस्सा’ म्हटले आहे. त्याच सुमारास मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी राजदरबाराशी चाललेल्या चर्चच्या ताब्याच्या तंट्यात आपली बहीण मार्सेलिना हिला जे पत्र लिहिले त्यात हा शब्द येतो. बाहेर गडबड चालली असता आपण कर्तव्य सोडले नाही, मिस्सा करू लागलो, असे ते सांगतात. तेथे त्यांना उपासना अभिप्रेत आहे की दीक्षार्थ्यांना दिलेला निरोप, यावर पंडितांचे एकमत नाही. कारण त्या काळी निरोप दोनदा होई. प्रवचन संपल्यावर ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांना बाहेर पाठवीत आणि अखेरीस बाकीच्यांना. सातव्या शतकाच्या आरंभी सेव्हिलचे संत इसिदोर यांनी नावाची उपपत्ती या पहिल्या निरोपातच शोधली आहे. कसेही असो, शेपटीवरून साऱ्या पक्ष्याला नाव मिळाले.

आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलीत याचा नेमका प्रतिध्वनी आहे, आणि तो त्यांनी लॅटिन शिकून आणलेला नाही. शाळा सुटते, गिरणी सुटते, तशी ‘मिस्सा सुटते’. संपते, आटोपते असे कोणी म्हणत नाही. ‘मिस्सा सुटल्यावर फादरांना भेट’ या वाक्यात मूळ लॅटिनचा अर्थ दोनदा आला आहे हे बोलणाऱ्याच्या गावीही नसते.

ज्या भाषेतून आज आपण ‘मास’ घेतो, त्या भाषेत हा शब्द काही काळ गुन्हा होता हेही लक्षात असावे. १५५९च्या कायद्याने इंग्लंडात मिस्सेची जागा नव्या प्रार्थनापुस्तकाने घेतली. १५८१च्या कायद्याने मिस्सा अर्पण करणाऱ्यास दोनशे मार्क आणि ऐकणाऱ्यास शंभर मार्क दंड ठरला. मार्क हे तेव्हाच्या हिशेबाचे एकक होते. शिवाय दोघांनाही वर्षाची कैद. ज्या वर्षी पहिला कायदा झाला, त्या वर्षी विल्टशायर परगण्यातील एक मुलगा दहाएक वर्षांचा असेल. तो पुढे देश सोडून रोमला गेला, येशूसंघात दाखल झाला आणि १५७९च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला. तेच आपले फादर थॉमस स्टीफन्स. त्यांच्या मातृभाषेत जो शब्द कुजबुजत उच्चारावा लागे, त्या शब्दामागची उपासना त्यांनी साष्टीत चाळीस वर्षे उघड्या दाराने केली, आणि १६१६ साली राशोल येथे छापले गेलेले ‘क्रिस्तपुराण’ रचण्यासाठी त्यांना आपली मराठी जवळची वाटली. मायदेशी परतणे त्यांच्या नशिबी नव्हते. १६१९ साली ते इकडेच निवर्तले. ‘मास’ हा शब्द इंग्रजीतून उचलताना आपण त्याच्याबरोबर एवढा इतिहास उचलतो याची आपल्या मुलांना कल्पना असावी असे आम्हांस वाटते.

इंग्रजीने मिस्सा बंद केली तरी दिनदर्शिकेतून ती निघेना. ‘ख्रिसमस’च्या शेपटीला ती अजून आहे. मिकलमस, म्हणजे २९ सप्टेंबरचा संत मायकलचा सण, इंग्लंडच्या न्यायालयांच्या आणि विद्यापीठांच्या सत्रांना नाव देऊन बसला आहे. १ ऑगस्टचा ‘लॅमस’ हा नव्या पिकाच्या पहिल्या भाकरीचा सण. त्याचे मूळ नावच ‘भाकर-मिस्सा’. जर्मनांनी तर कमाल केली: त्यांची ‘मेस्से’ म्हणजे उपासनाही आणि व्यापारी प्रदर्शनही, कारण सणाच्या मिस्सेला लोक जमत तेथेच बाजार भरे. डच लोक जत्रेला ‘केर्मिस’ म्हणतात, ती मुळात चर्चच्या वर्धापनदिनाची मिस्सा. ८ सप्टेंबरच्या सणाला लागून वांद्र्याच्या डोंगरावर जी जत्रा भरते, तेथील मेणबत्त्यांच्या आणि मिठाईच्या रांगांतून वाट काढीत जो वर गेला असेल त्याला हा शब्दार्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

इतर काही ख्रिस्ती लोकांनी शेवटावरून नाव न घेता गाभ्यावरून घेतले. आयरिश भाषेतील नाव अर्पणावरून आले आहे. आपल्याच शेजारचे केरळी बंधू ‘कुर्बाना’ला जातात, १९८८ पासून त्यांच्या सिरो-मलबार पंथाचा कल्याण येथे स्वतंत्र धर्मप्रांत असल्याने हा शब्द महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. तो सिरियाक भाषेतला, अर्पण याच अर्थाचा, आणि आपल्या ‘कुर्बानी’चा भाऊबंद. ‘मिस्साबलिदान’ असा आपल्या प्रार्थनापुस्तकांतील जोडशब्द पाहिला की वाटते, मराठीने दोन्ही पक्ष सांभाळले: पुढे बलिदान ठेवले आणि मागचा निरोपही सोडला नाही.

तरी एक गोष्ट खटकत राहते. सुटणे हा या शब्दाचा पुरता अर्थ नव्हे. सुटलेली शाळा मागे वळून पाहत नाही. मित्तेरेत आणखी एक छटा आहे. तिला मराठीत ‘पाठवणी’ म्हणतात. लग्न लागले, जेवणे झाली, मांडव उतरू लागला, आणि मग मुलीची पाठवणी. तिला कोणी ‘सुटली’ म्हणत नाही. ती जाते ती ओटी भरून, कोणाच्या तरी घरी, काहीतरी घेऊन. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली पवित्र उपकारस्तुतीवर जे प्रबोधनपत्र प्रसिद्ध केले, त्यात नेमका हा फरक मांडला आहे. प्राचीन काळी मिस्सा म्हणजे केवळ निरोप. ख्रिस्ती वापरात मात्र त्या निरोपाला हळूहळू प्रेषणाचा अर्थ आला. पुढल्याच वर्षी त्यांनी शेवटच्या वाक्याला काही पर्यायी रूपे मंजूर केली; त्यांत शुभवर्तमानाची घोषणा करण्यास जा, आपल्या जीवनाने प्रभूचे गौरव करीत शांतीने जा, असा स्पष्ट आदेश आहे.

आमच्या लहानपणी, लॅटिन मिस्सेच्या काळात, हा निरोप जरा विचित्रच असे. धर्मगुरू ‘ईते, मिस्सा एस्त’ म्हणत आणि कोणीही जात नसे. आशीर्वाद बाकी असे, त्यानंतर योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ वाचला जाई, आणि मग कुठे चर्चची बाके वाजत. जा म्हटल्यावर थांबणारी ती पिढी होती. आताची पिढी जा म्हणण्याआधीच जाते. ख्रिस्तशरीर स्वीकारून लोक बाकाकडे न वळता थेट दाराकडे वळतात. आशीर्वादापर्यंत व्हरांड्यात स्कूटरी सुरू झालेल्या असतात. त्यांना दोष देण्यास आम्ही बसलेलो नाही. कोणाची लोकल असते, कोणाचे दूध उतू जायचे असते. परंतु ज्या उपासनेचे नावच शेवटच्या वाक्यावरून पडले, तिचे तेवढे एक वाक्य ऐकल्यावाचून माणूस घरी जातो, तेव्हा मिस्सा जाते आणि उरतो तो इंग्रजीतला दुसरा ‘मास’, म्हणजे जमाव. ओटी न भरता मांडवातून निघालेल्या मुलीसारखे ते आहे.

आमच्या मातोश्री अखेरची दोन वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर त्यांच्यासाठी ख्रिस्तशरीर घेऊन येत. त्या दिवशी पहाटेपासून घरात धांदल. मेजावर पांढरा कपडा, दोन मेणबत्त्या, परसातील तगरीची फुले, पितळेच्या वाटीत पाणी. फादर पाच-सात मिनिटे थांबत. दुपारी शेजारणी विचारपूस करण्यास आल्या की मातोश्री सांगत, “आज मिस्सा आमच्या घरी आली होती.” आमची पुतणी धर्मशिक्षणाचे वर्ग घेत असे. ती त्यांना समजावी, “आजी, मिस्सा चर्चमध्ये झाली. घरी आली ती कोम्युनियन.” मातोश्री शांतपणे ऐकून घेत आणि पुढल्या महिन्यात पुन्हा तेच म्हणत. धर्मशिक्षणाच्या दृष्टीने पुतणीचे बरोबर होते. शब्दाच्या दृष्टीने पाहिले तर आमचे मत मातोश्रींच्या बाजूने आहे. मिस्सा म्हणजे पाठविलेले. आणि जे पाठविलेले होते तेच घरी आले होते.

ही रीत चर्चच्या बाल्यापासूनची आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास संत जस्टिन सांगतात की, जे उपासनेस येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन वाटा घेऊन जात. आणि ४१६ साली पोप पहिले इनोसंट यांनी गुब्बियोच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात रोमच्या एका प्रथेचा उल्लेख आहे. रविवारी शहरातील धर्मगुरू आपापल्या लोकांसह असल्याने पोपमहोदयांच्या मिस्सेला येऊ शकत नसत. म्हणून पोपमहोदयांनी पवित्र केलेल्या भाकरीचा तुकडा त्यांच्याकडे धाडला जाई, की त्या दिवशी तरी आपण त्यांच्यापासून वेगळे आहोत असे कोणास वाटू नये. त्या तुकड्याला नाव होते ‘फेर्मेंतुम’, म्हणजे खमीर. इंग्रजीने एका खोलीत कोंबलेले आपले दोन्ही पाहुणे, पाठविणे आणि कणीक, येथे एका ताटात बसले आहेत. शहराबाहेरच्या दफनभूमींतील चर्चकडे मात्र तो तुकडा पाठवीत नसत. पवित्र संस्कार फार लांब नेऊ नयेत, असे कारण पत्रात दिले आहे. आमचे घर चर्चपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर होते. फादर सायकलवरून येत.